सतरा नंबर

कळंब्याच्या रस्त्याला मगदूमांची नर्सरी,
तिथं मी टेम्पो चालवायचो.
मोगरा, डच गुलाब, लॉनच्या गुंडाळ्या,
आणि कोपऱ्यात हिरव्या जाळीखाली
एकोणपन्नास पिशव्या,
ज्या कुणाला विकायच्या नव्हत्या.

त्याचं असं झालं.
नागाळा पार्कात एका प्लॉटवर चिंच होती.
शिरोळकर साहेबांनी बुंध्याला टेप लावली,
टेप पुरेना, मग माझ्याकडची सुतळी जोडली.
पन्नास भरली असती तर फाईल वर गेली असती,
म्हणून एकोणपन्नास लिहिली.
लग्नाच्या पोरीचं वय सांगतात तसं.
कुणी काही बोललं नाही.
चिंचेवर दोन साळुंक्या होत्या, त्या बोलत होत्या.

नियम असा,
झाडाचं वय जेवढं तेवढी रोपं लावायची.
मी गणितात दोनदा नापास,
तरी मला हिशेब बसला.

रोपामागं दिवसाला दहा रुपये भाडं,
टेम्पोचं वेगळं.
पहाटे उतरवायची,
खड्डे आदल्या दिवशी जेसीबीनं मारलेले.
पिशवी फाडायची नाही, तशीच आत ठेवायची,
वर चार मुठी माती, एक काठी,
पत्र्यावर पेंटनं नंबर.
अकराला साहेब, फोटो, चहा.
दिवेलागणीला मी सगळी परत भरायचो.

नागाळा पार्क झालं, रुईकर कॉलनी झाली,
फुलेवाडीच्या रिंगरोडला दोनदा.
तेच लिंब, तीच करंजं, तोच बहावा.
चार घरच्या बाराव्याला
एकच माणूस पानावर बसावा, तसं.

उचगावात मात्र अडकलं.
भागीदारांचं फाटलं, साहेबांची बदली झाली,
तपासणीची तारीखच पडेना.
रोपं तिथंच राहिली, दिवाळी गेली, संक्रांत गेली.
वॉचमनची बायको निंगव्वा
भांड्यांचं खरकटं पाणी ओतायची,
सगळ्यांना नाही,
पत्र्याच्या खोलीपासून चालवेल तेवढ्यांना.

शेवटी मी उचलायला गेलो.
सोळा आलं. अठरा आलं.
सतरा हलेना.
दोन्ही हातांनी ओढलं, गुडघा टेकून ओढलं,
काळी पिशवी फाटून चिंधी हातात आली.
निंगव्वा हात पुसत बाहेर आली.
"बिडरी, अण्णा," म्हणाली,
"पाय फुटल्यात त्येला."

मगदूमांना सांगितलं, एक वाळलं.
त्यांनी वहीत लिहिलं : सतरा, मयत.
उरलेली अठ्ठेचाळीस वहीत अजून जिवंत आहेत.
प्रत्यक्षात पिशवीत मुळं गोल गोल फिरून
एकेक करून गेली,
नंबर तेवढे नव्या रोपांना लावले.

आता मी गॅसच्या गाडीवर आहे.
उचगाव माझ्याच लाईनीत येतं.
बिल्डिंग उभी राहिली, नाव 'ग्रीन' काहीतरी आहे,
निंगव्वा गडहिंग्लजला परत गेली.
लिंब पहिल्या मजल्याच्या गॅलरीला लागलाय.
पत्रा बुंध्यात रुतलाय,
एकचा आकडा गिळला,
साताचं शेपूट तेवढं दिसतं.

काल खाली चार माणसं जमलेली.
लिंबोळ्या गाड्यांवर पडतात, काच चिकट होते,
सेक्रेटरी सांगत होते.
नवे साहेब, तरणे, हातात नवी टेप.
मला ओळखून वॉचमन म्हणाला,
यांना विचारा, हे आधीपासून येतात.

"किती वर्षांचं असेल हो झाड?"

मी खांद्यावरचा सिलिंडर खाली ठेवला.
वर बघितलं. लई वेळ बघितलं.
"एकावन्न," म्हणालो.

सगळे हसले.
साहेबही हसले, आणि खाली बसून
टेपचं टोक माझ्या हातात दिलं,
धरा जरा.